कन्व्हर्टर बदलण्याआधी तो कशाने मेला ते शोधा



आज आपण गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर घरच्या घरी कसा बदलायचा ते बघणार आहोत. पण आधी एक कबुली देतो. हे काम मी दोनदा केलंय. पहिल्यांदा बसवलेला नवा कोरा कन्व्हर्टर मी पाच महिन्यांत मारला, आणि त्याच दिवशी गाडीखाली सापडता सापडता वाचलो. त्यामुळे आज नट कसे खोलायचे हे तर सांगेनच, पण त्याआधी ते कधी खोलायचे नाहीत हेही सांगणार आहे.

मी भिलाईत राहतो. वडील विदर्भातून इथल्या पोलाद कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. मीही कारखान्यातच मेंटेनन्समध्ये होतो. आता निवृत्त आहे, हाताला काम लागतं म्हणून घरची गाडी स्वतः बघतो. मेकॅनिक मी नव्हे, हे लक्षात ठेवून ऐका.

तर हा कन्व्हर्टर म्हणजे काय? गाडीखाली बघितलं तर इंजिनापासून मागे जाणाऱ्या पाइपात एक फुगीर डबा दिसतो. काही गाड्यांत तो इंजिनालाच चिकटून, बॉनेटखाली असतो. बाहेरून स्टेनलेस स्टील, आत चिनी मातीसारख्या पदार्थाची जाळी. मधमाशांच्या पोळ्यासारखी, पण भोकं इतकी बारीक की एका चौरस इंचात साधारण चारशे. त्या जाळीवर ॲल्युमिनाचा खडबडीत थर असतो आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचे अतिसूक्ष्म कण. सगळे मिळून काही ग्रॅमच, पण डब्याची किंमत त्यांच्यामुळेच एवढी.

काम तीन प्रकारचं. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करायचा. न जळलेल्या पेट्रोलच्या वाफेचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करायचं. आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून साधा नायट्रोजन सोडायचा. हे सगळं जाळी तापल्यावरच होतं. अडीचशे-तीनशे अंशांच्या खाली ती जवळजवळ झोपलेली असते.

कार्बन मोनॉक्साइड हे नाव आम्हा भिलाईकरांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. ब्लास्ट फर्नेसमधून जो वायू निघतो त्यात पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त हाच असतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. १२ जून २०१४ ला इथल्या कारखान्यात पाण्याच्या पंपहाउसच्या भागात वायुगळती झाली आणि सहा माणसं गेली. त्यात दोन वरिष्ठ अधिकारी होते. त्या रात्री गावात कुणाच्याच घरी झोप नव्हती. तोच वायू आपल्या गाडीच्या इंजिनात रोज तयार होतो, अर्थात फार थोडा. तो बाहेर पडण्याआधी संपवणारी जागा एकच, हा डबा.

आपल्या देशात तो आला १९९५ मध्ये. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार शहरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्याबरोबर तिथं शिसंविरहित पेट्रोल मिळू लागलं. दोन्ही एकदम का? कारण पेट्रोलमधलं शिसं जाळीवर बसलं की धातूचे कण झाकले जातात आणि जाळी निकामी होते. देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं २००० च्या फेब्रुवारीत. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होतं, छत्तीसगड त्याच वर्षी नोव्हेंबरात झालं.

शिश्याची ही गोष्ट मुद्दाम सांगितली. कन्व्हर्टरमध्ये हलणारा एकही भाग नाही. तो ब्रेक पॅडसारखा घासून संपत नाही. नीट चाललेल्या इंजिनावर तो वर्षानुवर्षं टिकतो. तो मेला असेल तर बहुतेक वेळा त्याच्यापर्यंत काहीतरी पोचलंय, जे पोचायला नको होतं. हे मला माहीत होतं, तरी मी विसरलो.

झालं असं. आमची पेट्रोल हॅचबॅक, भारत स्टेज चारची. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर माझ्याकडे आहे. कोड आला पी ०४२०, म्हणजे कन्व्हर्टरची क्षमता ठरलेल्या पातळीखाली गेली. गाडी मधूनमधून थरथरायची, सुपेल्याच्या पुलावर चढताना दम लागल्यासारखी करायची. मी मनात म्हटलं, कोड सांगतोय कन्व्हर्टर, तर कन्व्हर्टर. एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथला पोरगा म्हणाला, "अंकल, जाली निकाल देते हैं. गाड़ी उड़ेगी." खर्च किती विचारलं, तर म्हणाला काहीच नाही, जाळी फक्त मला द्या. तो फुकट का करत होता ते तुमच्या लक्षात आलं असेल. त्याच्याकडे परत येतो.

मी नकार दिला, कंपनीचा नवा डबा मागवला आणि घरच्या पोर्चमध्ये बदलला. दिवा गेला. मी खूश. पाच महिन्यांनी दिवा परत आला. तोच कोड.

या वेळी मी डबा खोलून उजेडात धरला. जाळीचा मधला भाग वितळून काचेसारखा गोठला होता. आता विचार करा, या जाळीचा पदार्थ वितळतो साधारण १४०० ते १४५० अंशांना. आमच्याकडे फर्नेसमधून लोखंडाचा रस निघतो तो जवळपास याच तापमानाचा. माझ्या गाडीखाली, मी आणि बायको वर बसलेलो असताना, एवढी उष्णता तयार झाली होती.

कशी? तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल तापली की काम सोडायची. ठिणगी पडली नाही की पेट्रोल न जळता तसंच बाहेर, आणि सोबत न वापरलेला ऑक्सिजनही. दोघं गरम जाळीवर भेटले की तिथंच जळतात. गाडी थरथरायची ती यामुळेच. पहिला कन्व्हर्टर तिनेच मारला होता. मी खुनी घरात ठेवला आणि नवा पाहुणा आणला. ती कॉइल नव्या डब्याच्या किमतीच्या मानाने किरकोळ होती.

म्हणून आता घरी काम करणाऱ्याने पाना हातात घेण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, तो खरंच मेलाय का? पी ०४२० कोड म्हणजे निदान नाही, तक्रार आहे. कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सारखं वरखाली होतं. मागच्याचं, जाळी चांगली असेल तर, बऱ्यापैकी स्थिर राहतं, कारण जाळी ऑक्सिजन साठवते आणि सोडते. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला की संगणक म्हणतो, मध्ये कोणी काम करत नाहीये. स्कॅनरवर दोन्ही आलेख शेजारी लावून बघा, गाडी पूर्ण तापल्यावर. पण सेन्सरच्या आसपास पाइपाला चीर असेल किंवा गॅस्केट फुटलं असेल तर बाहेरची हवा आत जाते आणि मागचा सेन्सर फसतो. म्हणून आधी गळती शोधा. सकाळी गाडी थंड असताना सुरू करून लगेच जोडांवर साबणाचं पाणी शिंपडा, बुडबुडे येतात का बघा.

आणखी दोन खुणा. गाडी थंड असताना डब्यावर मुठीने ठोका. आत खुळखुळा वाजला तर जाळी फुटली आहे. आणि गाडी जोरात पळायला नकार देत असेल, वेग एका मर्यादेनंतर वाढतच नसेल, तर जाळी चोंदलेली असू शकते. गॅरेजवाला पुढच्या सेन्सरच्या जागी दाबमापक लावून हे पाच मिनिटांत सांगतो.

दुसरा प्रश्न, कशाने मेला? यादी फार मोठी नाही. ठिणगी चुकते, म्हणजे प्लग, कॉइल, इंजेक्टर. इंजिन ऑइल खातंय, म्हणजे ऑइलमधलं फॉस्फरस आणि जस्त जाळीवर थर धरतंय. हेड गॅस्केटमधून कूलंट आत येतंय. किंवा खालून दगड, स्पीडब्रेकर लागलाय. दर महिन्याला ऑइल भरावं लागत असेल तर नवा कन्व्हर्टर घेऊ नका, आधी इंजिन बघा. आणि इंजिनाचा दिवा नुसता लागलेला नसेल, लुकलुकत असेल, तर गाडी बाजूला घ्या. त्याचा अर्थ, ठिणगी आत्ता चुकतेय आणि जाळी आत्ता जळतेय. बॅटरी उतरली की धक्का मारून गाडी सुरू करायची आपली जुनी सवयही सोडा. त्यातही न जळलेलं पेट्रोल जाळीत जातं.

तिसरा प्रश्न, हे घरी होण्यासारखं आहे का? तुमचा कन्व्हर्टर गाडीखाली दोन जोडांच्या मध्ये बोल्टने बसवलेला असेल, तर होय. इंजिनाच्या मॅनिफोल्डचाच भाग असेल, तर गॅरेजमध्ये जा. तिथं हात पोचत नाही आणि एक स्टड तुटला तर गोष्ट सिलिंडर हेडपर्यंत जाते. वेल्डिंगने जोडलेला असेल तरी घरी नको. पेट्रोलचा पाइप आणि टाकी शेजारी असते.

आता त्या पहिल्या दिवशीची दुसरी गोष्ट. आमच्या पोर्चला गेटकडे थोडा उतार आहे, पावसाचं पाणी जावं म्हणून. मी डिकीतला जॅक लावला, हँडब्रेक ओढला आणि खाली शिरलो. नट गंजलेले. पान्याला लांब पाइप लावून हिसके दिले. गाडी हलत होती, मला ते जाणवतही होतं. मग चौदा नंबरचा पाना हवा म्हणून मी बाहेर आलो आणि डब्यात शोधायला लागलो. तेवढ्यात गाडी जॅकवरून घसरली आणि धप्पकन खाली बसली. भाचा शेजारीच उभा होता. तो एवढंच म्हणाला, "मामा, तुम्ही आत्ता आत होतात." बायको आवाज ऐकून बाहेर आली. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, कारखान्यात पर्मिट घेतल्याशिवाय शिडीवर चढत नव्हता ना तुम्ही?"

याला उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी मी कागदावर पर्मिट लिहिलं. खरंच लिहिलं, आणि भाच्याची सही घेतली. तुम्हीही लिहा. जमीन सपाट आणि सिमेंटची. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. गाडी जॅकने उचलायची, पण टेकवायची दोन जॅक स्टँडवर, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच. डिकीतला जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर कोणी खाली जायचं नाही. विटा, दगड, तर अजिबात नाही. स्टँडवर टेकवल्यावर बाहेरूनच गाडी जोरात हलवून बघायची. हलली तर परत उतरवायची. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. आणि शेवटपर्यंत दुसरं माणूस शेजारी हजर पाहिजे, मोबाइल खिशात घेऊन.

आता काम. आदल्या संध्याकाळी, गाडी पूर्ण थंड झाल्यावर, सगळ्या नटांवर आणि सेन्सरच्या चुडीवर गंज सोडवणारा स्प्रे मारा. सकाळी परत मारा, अर्धा तास थांबा. तारेच्या ब्रशने दिसणारी चुडी साफ करा. डोळ्यांवर चष्मा, हातात हातमोजे. वरून गंजाचा भुगा सरळ डोळ्यांत पडतो.

आधी सेन्सर. त्याची वायर जिथं जोडली आहे तिथून सोडवा, नाहीतर फिरवताना पिळून तुटते. बाजूला खाच असलेला बावीस नंबरचा सॉकेट मिळतो, तो वापरा. काढलेल्या सेन्सरचं टोक पुसू नका, त्याला ऑइल लागू देऊ नका.

मग नट. अडला तर एकदम ताकद लावू नका. आधी किंचित आवळा, मग सोडा, परत स्प्रे, परत थोडं. असं पुढेमागे करत आणा. तरीही नाही आला तर थांबा. गॅसच्या ज्योतीने तापवायचं काम घरी करायचं नाही. तेवढ्यासाठी गाडी टो करून गॅरेजला नेणं परवडतं.

शेवटचा नट काढण्याआधी डब्याखाली काहीतरी आधार द्या. तो दिसतो त्यापेक्षा जड असतो. मग लटकवणाऱ्या रबरातून सोडवून खाली घ्या. जुन्या जाळीची धूळ श्वासात जाऊ देऊ नका, तोंडाला मास्क ठेवा.

नवा बसवताना चार गोष्टी. डब्यावर बाण असतो, त्याचं टोक मागच्या बाजूला, सायलेन्सरकडे. गॅस्केट नवीन आणि नटही नवीन. सिलिकॉनचा सीलंट लावायचा नाही, त्याची वाफ सेन्सर आणि जाळी दोघांनाही बाधते. सगळे नट आधी हाताने लावून घ्या, डबा रबरावर सरळ बसलाय, कुठं घासत नाही हे बघा, मगच इंजिनाकडून मागे आवळत जा, एक इकडचा एक तिकडचा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोरापर्यंत. सेन्सर शेवटी.

गाडी खाली उतरवा, बॅटरी जोडा आणि उघड्यावर सुरू करा. पोर्च बंद असेल तर गाडी बाहेर ढकलून आणा. नवा डबा पहिल्यांदा तापताना थोडा धूर आणि वास येतो, तो जातो. जोडांवर परत साबणाचं पाणी. बुडबुडे नसले तर कोड पुसा आणि आठ-दहा दिवस नेहमीसारखी गाडी चालवा. संगणकाला स्वतःची तपासणी पूर्ण करायला एवढ्या फेऱ्या लागतात. त्यानंतर पीयूसी करून घ्या आणि कागदावरचे आकडे वाचा. भारत स्टेज चार आणि पुढच्या पेट्रोल गाडीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम आहे. आपला आकडा त्याच्या किती खाली आहे, तो वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तो वाढला तर दिवा लागायच्या आधीच कळेल.

आता त्या गॅरेजमधल्या पोराकडे येऊ. जाळी काढलेली गाडी उडत नाही. चोंदलेली जाळी काढली तर मोकळी वाटते, एवढंच, आणि ते नव्या जाळीनेही वाटतं. बदल्यात इंजिनातून निघालेला सगळा वायू जसाच्या तसा मागे जातो, मागच्या स्कूटीवर बसलेल्या पोरीच्या नाकाशी. कायद्यानेही ते चालत नाही. मोटार वाहन कायद्यात गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करायला मनाई आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाच्या नियमभंगाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. शिवाय कोड जात नाही. मग मागच्या सेन्सरला फसवायला जोडण्या विकतात, आणि खरी ठिणगी चुकली तरी आपल्याला कळेनासं होतं.

तो जाळी का मागत होता? धातूंसाठी. काही वर्षांपूर्वी गुजरात-महाराष्ट्रात इको गाड्यांचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या आल्या, त्याही याच काही ग्रॅमसाठी. म्हणून जुना डबा भंगारवाल्याला किलोवर देऊ नका आणि घरी फोडूही नका. नवा घेताना जुना परत घेतात का विचारा, किंवा अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याला द्या आणि पावती घ्या. नव्या डब्यावरचा नंबर बिलावर लिहून घ्या.

माझा दुसरा कन्व्हर्टर आता तीन वर्षं चालतोय. कॉइल बदलली, चारही प्लग बदलले, मगच तो बसवला. पर्मिटचा तो कागद अजून पान्यांच्या डब्यात आहे. भाचा हल्ली नागपूरला असतो. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, "मामा, माझ्या गाडीला पी ०४२० आलाय, कन्व्हर्टर मागवू का?" मी विचारलं, गाडी थरथरते का? म्हणाला, थोडी. मी म्हटलं, काही मागवू नकोस. आधी प्लग काढ आणि फोटो पाठव.

तुमच्याही गाडीला हा कोड आला असेल तर तेच सांगेन. आधी प्लग बघा. आणि खाली जाण्याआधी सही घ्या.